'मारिओसारखं काढून द्या' म्हणणाऱ्या मालकाला काय सांगायचं?

डिचोलीहून आलेला प्रश्न असा. कमर्शियल आर्ट शिकलेल्या एका मुलीला आसगावच्या एका होमस्टेचं काम मिळालं. मालकाला भिंतीवर 'मारिओसारखं' चित्र हवं होतं आणि लोगोला निळ्या-पांढऱ्या आझुलेजची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या फरशांची चौकट. तिने स्वतःचं वेगळं काही नेलं, ते त्याने पाहिलं न पाहिलंसं करून बाजूला सारलं. त्यात वाड्यावरच्या पोरांबरोबर दिवाळीला केलेला 'वेगळा' नरकासुराचा पुतळा स्पर्धेत मागे पडला. आता ती विचारते: गोव्यात स्वतःचं काही करायला जागा आहे का, धोका किती घ्यायचा, की सरळ नोकरी धरायची?

नेपथ्य, चित्ररथ, बाटल्यांची लेबलं आणि दुकानांच्या पाट्या यांवर माझं पोट चालत आलं आहे, त्यामुळे उत्तर धंद्यातूनच देतो. जागा आहे. पण तुम्ही जिथे शोधताय, म्हणजे होमस्टेच्या भिंतीवर, तिथे ती सर्वांत कमी आहे.

आधी मारिओंचं बघू. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा 2011 साली गेले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, आणि ती मोजायची पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2071 अखेरपर्यंत जिवंत आहे. शैली कुणाच्या मालकीची नसते, चित्र असतं. त्यांच्या बाजारातल्या एखाद्या बाईचं ध्यान जसंच्या तसं उचलून भिंतीवर चढवलंत तर ती नक्कल. ठिपक्यांचा फ्रॉक आणि टपोरे डोळे एवढंच घेतलंत तर बहुधा कुणी काही करू शकणार नाही. मालकाला हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. चित्रातलं काही न कळणारा माणूसही नोटिशीचं नाव काढलं की कान टवकारतो.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मारिओंची रेघ सगळे उचलतात, नजर कुणी उचलत नाही. लोटलीच्या घरातून, चर्चच्या फेस्तातून, रस्त्यावरून त्यांनी जे पाहिलं ते काढलं: पाद्री, भाटकार (जमीनदार), वाजंत्री, कुत्री. ती त्यांच्या डोळ्यांसमोरची माणसं होती. आज पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या कॅफेंच्या भिंतींवर तीच माणसं तशीच उभी आहेत. या चित्रांत भाड्याच्या स्कूटरची काळी पाटी आणि तिच्यावरची पिवळी अक्षरं कधी दिसतात का? मांडवीतली कॅसिनोची जहाजं? रात्री गाड्यावर रस-ऑम्लेट खाणारे कदंब बसचे ड्रायव्हर? पावसाळ्याआधी घराला गुंडाळलेलं निळं प्लास्टिक? तुम्ही डिचोलीच्या. खाणीच्या लाल धुळीने रंग बदललेली झाडं तुम्ही लहानपणापासून पाहिली असतील. ती मी अजून एकाही मेनू कार्डावर पाहिलेली नाहीत. (पाहायची इच्छा मालकांना नसेल, ते मान्य. पण निदान कुणी त्यांना विचारलेलंही नाही.)

आणि ज्याला आपण 'अस्सल गोवा' समजून चौकटीत लावतो ते आझुलेज तरी कुठलं? पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या भिंती बघून या. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कुलासो यांच्या फरशा, 1935 साली बसवलेल्या. काम अप्रतिम आहे. पण पोर्तुगालमध्ये ही निळ्या-पांढऱ्याची आवड फोफावली त्यामागे चिनी मातीच्या भांड्यांची आणि डच फरशांची भूल होती. उसनं घेणं हा दोष नाही, तसं असतं तर आपलं घुमट हे मातीचं वाद्य सोडून काहीच वाजवता आलं नसतं. उसनं आणलेल्या वस्तूवर तुम्ही स्वतः काय खर्च केलंत एवढंच मी विचारतो. कुलासोंनी त्या फरशांवर अख्खं महाकाव्य मांडलं. आपण नावाची पाटी करतो.

ओरिजिनल काम करायचं म्हणजे कोरा कागद घेऊन बसायचं, असं कॉलेजात वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. चवथीला माटोळी बांधतात तिचं बघा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, जागा ठरलेली, दिवस ठरलेला. टांगायचं काय तेही बरंचसं ठरलेलं: नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे आणि त्या आठवड्यात रानात जे मिळेल ते. प्लास्टिक चालत नाही, बाहेरची सफरचंदं लावली तर शेजारी हसतात. इतकी बंधनं असूनही कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत जे काम येतं ते पाहून भल्याभल्या इन्स्टॉलेशनवाल्यांनी वही काढावी. रानातल्या बियांच्या आणि फळांच्या रंगातून लोक आख्खी चित्रं उभी करतात. नियम घट्ट असल्यामुळे सगळी अक्कल निवडीत आणि मांडणीत उतरते.

आमच्या किनारपट्टीवरच्या देवळांतली कावी कला तशीच. चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर लाल कावेचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा वर आणायचा. दोनच रंग, पुसायची सोय नाही. त्यात वेली, हत्ती, द्वारपाल, रामायण सगळं बसवलंय. आजचा क्लायंट तुम्हाला रंगांची पट्टी देतो तेव्हा वैतागू नका. उलट त्याने दिली नाही तर स्वतःच दोन रंग ठरवा आणि तिसऱ्याला हात लावू नका.

आता नरकासुर. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव जे राक्षस उभे राहतात ते गोव्याचं सर्वांत मोठं लोकप्रिय डिझाइन आहे. कॉलेजात न गेलेली पोरं लोखंड आणि बांबू वाकवतात, गवत भरतात, मोटर बसवून हात हलवतात, पहाटे सगळं जाळून टाकतात. आणि तरी म्हापशाचा, फोंड्याचा, मडगावचा राक्षस ओळखू येत नाही इतके ते सारखे. कारण सरळ आहे. चेहऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, पोरं कामावरून सुटल्यावर रात्री बसतात, म्हणून मुखवटा बाजारातून विकत आणतात. मुखवटे बनवणारे मोजके, त्यामुळे एकाच तोंडाचे राक्षस सगळीकडे. चेहरा गेला की उरते उंची, आणि उंची कुणीही वाढवू शकतो. मग स्पर्धा लोखंडाची आणि स्पीकरची होते.

तुमचा नरकासुर का मागे पडला ते मला न पाहता नेमकं सांगता येणार नाही. पण तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुम्ही चेहरा बदललात, शरीर चटईचं केलंत, हालचाल काढून टाकलीत आणि वाजंत्रीही बंद ठेवलीत. चार बदल एकदम. परीक्षक मध्यरात्री जीपमधून उतरतो, त्याला रात्रभरात आणखी कितीतरी मंडळं बघायची असतात, तो तुमच्यासमोर दोन-तीन मिनिटं उभा राहतो. एवढ्या वेळात त्याला आधी 'हा नरकासुर आहे' हे कळायला हवं आणि मग 'असा कधी पाहिला नव्हता' असं वाटायला हवं. तुमच्या बाबतीत पहिली पायरीच आली नसावी.

म्हणून माझा नियम: एका कामात एकच गोष्ट धोक्यात घालायची, बाकी सगळं ओळखीचं ठेवायचं. हालचाल ठेवा, आवाज ठेवा, लाल जीभ ठेवा, पण चेहरा मंडळातल्याच कुणा पोराने मातीच्या साच्यावर कागद चढवून केलेला असू दे. किंवा मुखवटा विकतचा घ्या आणि राक्षस उभा न करता बसवा, आडवा करा, पाठमोरा करा. पाठमोरा नरकासुर मी अजून पाहिलेला नाही. आणि त्या बिचाऱ्या कृष्णाकडे कुणी बघेल का? सगळं बजेट राक्षसावर, आणि कृष्ण मात्र शेवटच्या रात्री कापून चिकटवलेला एवढासा. कुणी कृष्णावर मेहनत घेतली तर त्या वर्षी गर्दी तिथेच थांबेल, हे मी पैजेवर सांगतो.

आपल्या गोव्यात एक चैन आहे जी मुंबई-बंगळुरूच्या डिझायनरला नाही. इथे वर्षभर असं काम निघत असतं जे दोन दिवसांत नष्ट होतं. नरकासुर, चवथीचं मखर, गणपती विसर्जनाला निघणाऱ्या कुंभारजुव्याच्या सांगोडाच्या होड्या, सांजांवच्या सणाला डोक्यावर चढणारी पानाफुलांची कोपेलं, कार्निव्हलचे आणि शिगम्याचे चित्ररथ. फसलं तर सकाळपर्यंत जळून किंवा विसर्जन होऊन जातं, जमलं तर फोटो राहतो आणि तुमचं नाव राहतं. मोठा धोका तिथे घ्या. होमस्टेची भिंत पाच-सहा पावसाळे उभी राहणार, तिथल्या चुकीचे पैसे मालक भरणार. तिथे तुम्ही नरकासुरावर पडताळलेलं घेऊन जा. माझ्या लेबलांवरची जी रेघ लोकांना 'तुमची' वाटते ती आधी चित्ररथांच्या पुठ्ठ्यावर तयार झाली, गिऱ्हाइकाच्या कागदावर नंतर आली.

हेच पैशाच्या बाबतीत. शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली आपला पहिला गाजलेला अल्बम घरातच छोट्या फोर-ट्रॅक यंत्रावर ध्वनिमुद्रित केला, वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून स्वतः दुकानांत नेऊन दिल्या. आज ती गोष्ट बंडखोरीची म्हणून सांगतात. मला त्यातला हिशेब आवडतो. गाणी तशी आधी कुणी केलेली नव्हती, म्हणजे सगळा धोका गाण्यांत होता. म्हणूनच खर्च इतका खाली ठेवला की कुठल्या कंपनीच्या साहेबाला गाणी ऐकवून होकार मिळवायची पाळीच आली नाही. (ते वास्तुकला शिकलेले, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडचे चांगले डिझायनर शोधायचे तर कॉलेजच्या यादीबाहेर बघावं लागतं.)

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा बाहेर आणली तीही याच वाटेने. मूळ साडी आखूड, शेतात वावरायला सोयीची, खांद्यावर गाठ, लाल-पांढऱ्या चौकड्या. चौकडी आणि लाल रंग राखला, लांबी वाढवली, विणकरांकडून नव्याने विणून घेतली आणि ती शहरातल्या बाईला नेसता येईल अशी केली. चौकडी हातची सोडली नाही म्हणून ओळख राहिली. आता त्याच चौकडीचे छापील टेबलक्लॉथ आणि पिशव्या निघाल्यात आणि कुणबी बाईला त्यातलं किती मिळतं हा प्रश्न मला छळतो. पण तो स्वतंत्र विषय आहे.

धोका घेतला की फळ मिळतंच, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. सांतु इस्तेव्हच्या बेटावर 1902 साली जन्मलेले चित्रकार आंजेलु द फोंसेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांच्या हाताखाली शिकले, परत आले आणि मेरी मातेला साडी नेसवून, आपल्याच बायकांच्या चेहऱ्यामोहऱ्याची रंगवू लागले. हात शांत, रंग मऊ, भक्ती खरी. तरी तेव्हाच्या गोव्याला ते सोसलं नाही. त्यांना पुण्याला जावं लागलं, तिथेच ते राहिले आणि 1967 साली गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहे. जरूर बघा. बघताना हेही लक्षात घ्या की त्यांनी तंत्रात कुणाला धक्का दिलेला नव्हता, फक्त साडी नेसवली होती. एकच बदल, पण तो लोकांच्या देव्हाऱ्यातला. म्हणजे माझा 'एकच गोष्ट' वाला नियमही तुम्हाला वाचवेलच असं नाही. कुठली गोष्ट निवडता त्यावर किंमत ठरते. ती द्यायची तयारी असेल तर बेलाशक निवडा, माझी आडकाठी नाही.

नेपथ्याचं एक उदाहरण देतो, कारण तिथे प्रेक्षक समोर असतो आणि निकाल लगेच लागतो. जत्रेतल्या मराठी नाटकांना आपल्याकडे ठरावीक पडदे भाड्याने येतात: महाल, जंगल, रस्ता. एका देवळाच्या जत्रेत आम्ही पदं, पोशाख, संवाद, ऑर्गन, सगळं जुनं ठेवलं आणि महालाच्या पडद्याऐवजी माडाच्या चुडतांची विणलेली मल्लां तीन उंचींवर टांगली. मागून एकच दिवा. पहिल्या अंकात कुजबुज झाली. दुसऱ्या अंकात राजा मल्लांमागून चालत आला तेव्हा त्याची सावली झडपांतून तुटत तुटत पुढे सरकली आणि पुढच्या रांगेतले म्हातारे सरसावून बसले. नाट्यपद नेहमीच्याच चालीत होतं म्हणून त्यांनी आम्हाला तोवर सहन केलं. चाल बदलली असती तर पहिल्याच अंकात नारळ फुटले असते, आणि ते देवापुढे नव्हेत.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी पणजीत कांपालला कला अकादमी बांधली तेव्हा नाट्यगृहाच्या सपाट भिंतींवर मारिओंनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे रंगवले. हॉल अर्धा रिकामा असला तरी कुणीतरी बघतंय असं रंगमंचावरून वाटायचं. मारिओसारखं हवं म्हणणाऱ्या मालकाला हे उदाहरण द्या. चित्र तिथे शोभेसाठी नव्हतं, इमारतीची एक अडचण ते सोडवत होतं. मग त्याला विचारा, तुझ्या भिंतीची अडचण काय?

तुमच्या मालकाकडे परत जायचं तर असं जा. निळा-पांढरा त्याला आवडतो ना, तो ठेवा. फरशीची चौकटही ठेवा. विषय तेवढा बदला. गलबतं आणि पंखेवाल्या बायका काढा आणि त्याच्याच आवारात पहिल्या पावसानंतर उगवणारं काढा: तायखिळ्याची (टाकळ्याची) जोडपानं, लुटी, आकूर, कुर्डू. तायखिळ्याचं पान चार बाजूंनी फिरवलं तर इतकी सुरेख नक्षी होते की फरशी भरून निघते. पाहुणा विचारेल हे काय, मालक परसात नेऊन दाखवेल, आणि तिथून पुढे ते चित्र तो स्वतःचं म्हणून मिरवेल. तीन पर्याय नेऊ नका. तीन नेले की 'याचं डोकं त्याला लावा' सुरू होतं. एकच न्या, पण खऱ्या आकारात. साध्या कागदावर छापून, तुकडे जोडून, संध्याकाळी त्याच भिंतीवर चिकटवा आणि रात्रभर तिथे राहू द्या. मोबाइलच्या पडद्यावर नवी गोष्ट परकी वाटते. सकाळी चहा घेताना भिंतीवर दिसली की निम्मी सवयीची झालेली असते. हल्ली क्लायंट स्वतःच एआयने काढलेलं 'गोवन स्टाईल' चित्र घेऊन येतात. त्याच्याशी वाद घालू नका. ते सगळ्या पोस्टकार्डांची सरासरी असतं. शेजारी तायखिळा ठेवा, एवढं पुरे.

लिखापढी मात्र आधी. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखीच लागतो. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता धरतो. भिंतीवरचं चित्र, लोगो आणि टॉवेल-कपांवरची नक्षी यांची तीन वेगळी वाक्यं लिहून घ्या, कारण पैसे देऊन रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक काही वेळा पैसे देणाराच ठरतो. आणि तायखिळ्याची नक्षी उद्या फरशांवर, चादरींवर छापायचा विचार असेल तर एक खाच लक्षात ठेवा: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि यंत्रावर तिच्या 50 हून जास्त प्रती निघाल्या, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी आधी 10 वर्षांची, वर 5 वर्षांची वाढ. पण ती नक्षी जगाला दाखवण्याआधी अर्ज करावा लागतो, इन्स्टाग्रामवर टाकल्यानंतर नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दोन तास बसवा.

नोकरीचं विचारलंत. धरा. पणजीत किंवा पर्वरीत एखाद्या छपाईवाल्याकडे मिळाली तर जाहिरात एजन्सीपेक्षा तीच बरी. शाई, कागद आणि कटिंगचा वाया जाणारा माल डोळ्यांसमोर असतो आणि संध्याकाळी सहाला सुटता येतं. आश्विन लागला की रात्री वाड्यावर जाऊन बसा. यंदा मुखवटा विकत आणू नका, आणि कृष्णाचं काम कुणाला द्यायचं ते आत्ताच ठरवा.